पित्त पाडणारी

माझं डोकं दुखायला लागलं की आमच्या घरात भांडी वाजवायची कुणाची बिशाद नसायची. नवरा चपला हातात घेऊन वावरायचा आणि मुलगा टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसायचा. मी प्राथमिक शाळेतली मास्तरीण. दिवसभर वर्गातला गलका ऐकायचा, दुपारचा डबा कधी खायचा कधी तसाच परत आणायचा, मग काय होणार? अर्धं डोकं ठणकायचं, पोटात ढवळायचं, उजेड नकोसा व्हायचा. डॉक्टरांनी त्याला अर्धशिशी म्हटलं होतं, गोळ्याही दिल्या होत्या. पण आम्ही कोल्हापुरात पेठेत भाड्यानं राहायला आलो आणि गल्लीनं पहिल्या आठवड्यातच निकाल देऊन टाकला. "बाईंना पित्त हाय. इंदूआक्काकडं न्ह्या."

न्यायची वेळच आली नाही. मी खिडक्या लावून पडले होते आणि एक दणकट बाई सरळ आमच्या खोलीत घुसली. ओळख ना पाळख. पदर कमरेला खोचलेला, हाताला शेणाचा वास, हातात तांब्या.

"उठा बाई."

"कोण तुम्ही?"

"मी इंदू. समोरच्या म्हशी माज्याच. उठा, पित्त पाडूया."

"मला नको."

"नको म्हणून त्ये जातंय व्हय? उठा, मी धरतो तुमाला."

मी धरतो. कोल्हापुरात बायकाही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. मी मूळची साताऱ्याकडची, एरवी मला हसू आलं असतं, पण त्या दिवशी हसायचंही त्राण नव्हतं. तिनं मला मोरीत नेलं, तांब्याभर कोमट मिठाचं पाणी प्यायला लावलं आणि पाठीत एक रट्टा घातला. "घाला बोटं घशात! लाजताय काय, पोटात काय हिरं-माणकं न्हाईत!" सगळं पडलं. डोळ्यांतून, नाकातून पाणी आलं. आणि खरं सांगते, डोकं उतरलं. मग तिनं मला थंड दूध दिलं, वर मोरावळ्याची एक फोड दिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बगा. पडलं की मोकळं."

हे तिचं वाक्य. आमच्या गल्लीत ते कुणीही, कशालाही वापरायचं. नवराबायकोचं भांडण मिटलं, पोराचा निकाल लागला, अडकलेला गॅस सिलिंडर आला, की लोक म्हणायचे, "पडलं की मोकळं!"

आक्का तेव्हा पंचावन्नच्या आसपास असेल. नवरा लवकर गेला, म्हशींच्या जिवावर तिनं मुलगा वाढवला. मुलगा विजय फौंड्रीत लागला, त्याचं लग्न झालं, मेघा सून म्हणून आली, तरी आक्का पहाटे गोठ्यात असायची ती असायचीच. आवाज असा की गल्लीच्या या टोकाला बोलली की त्या टोकाचं कुत्रं उठून उभं राहायचं. दूध पातळ लागतंय असं कुणी म्हटलं तर ती भर रस्त्यात म्हणायची, "पानी पायजे आसंल तर तुमच्यात नळ हाय की! माज्याकडं कशाला येताय?" आणि त्याच माणसाच्या घरी आजारपण आलं की सकाळी सगळ्यांत आधी त्याच्या दारात किटली ठेवायची.

पित्ताचे तिनं प्रकार पाडलेले होते. उपाशी माणसाचं पित्त, तापट माणसाचं पित्त, जागरणाचं पित्त आणि 'सासू आली की सुनंला चडतंय त्ये'. हा शेवटचा प्रकार ती मेघाकडं बघून सांगायची आणि मेघा तोंडाला पदर लावून हसायची. एकदा विजयच्या फौंड्रीतला एक मुकादम आला. मिशा कानाला टेकलेल्या, अंगानं बैलासारखा, आणि डोकं धरून लहान पोरासारखा कण्हत होता. मीठपाणी बघून तो मागं सरायला लागला. आक्कानं त्याची मान काखेत धरली. "मिशी वल्ली हुईल म्हणून भ्यालास व्हय रं?" तो मोकळा होऊन गेला आणि पुढं दरवर्षी दिवाळीला फराळ आणून देत राहिला. या कामाचं ती काही घेत नसे. कुणी विचारलंच तर शिवी खायचा.

कोपऱ्यावर एक डॉक्टर होते. ते गमतीनं म्हणायचे, "आक्का, माझे पेशंट पळवता तुम्ही." ती म्हणायची, "ताप-खोकला तुमचा, सुया टोचणं तुमचं. पित्त माजं. वाटणी झाल्याली हाय." आणि झालीच होती वाटणी. डोकं दुखत असेल, उलटी होत असेल तर आमच्या गल्लीतलं माणूस दवाखान्याची पायरी चढतच नसे. ते आक्काचं खातं होतं. आम्ही सगळे हसायचो या वाटणीवर. मीही हसायचे. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं हे कळायला आम्हांला तनू गमवावी लागली.

तनू म्हणजे तनुजा, विजय-मेघाची मुलगी, आक्काची नात. चौथीत होती. आजीचा आवाज, आजीचा तोरा आणि आजीसारखंच 'मी येतो, मी जातो'. भिंतीवर, पाटीवर, शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर सतत चित्रं काढायची, आणि सगळ्या चित्रांत म्हशी. माझ्याकडं येऊन म्हणायची, "बाई, तुमच्या शाळंत चित्राचे मार्क किती देत्यात? मला यायला पायजे तुमच्यात." आक्काचा तिच्यावर जीव इतका की पोरगी शिंकली तरी म्हशीची धार थांबायची.

दिवाळीनंतर कधीतरी तनू सकाळी उठल्या उठल्या डोकं धरून बसायला लागली. "आज्जे, डोस्कं दुकतंय गं." आक्कानं जीभ बघितली, कपाळाला हात लावला, ताप नव्हता. मग जे म्हणाली ते मी माझ्या दारातून ऐकलं, कारण तिनं ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असंच म्हटलं होतं. "आमचंच रगत! माज्या आईला हुतं, मला हाय, आता हिला उटलं. मेगा, तांब्या आण!" त्या आवाजात कौतुक होतं. घराण्याचं नाक, घराण्याचा आवाज, तसं घराण्याचं पित्त. कुठल्याही आजीला वाटावं तसंच तिला वाटलं.

मग ते रोजचंच झालं. सकाळी गोठ्याच्या बाजूच्या दगडावर तनू बसायची, आक्का तिचं कपाळ एका हातानं धरायची आणि दुसऱ्या हातानं पाठ चोळायची. पहिले काही दिवस पोरगी रडली. नंतर शहाण्यासारखी स्वतःच तांब्या घेऊन यायला लागली. आणि उलटी झाली की तिला बरं वाटायचं, हो, खरंच बरं वाटायचं! शाळेच्या वेळेपर्यंत दप्तर पाठीला लावून ती टणाटण निघायची. आक्का मला हाक मारून दाखवायची, "बगा बाई, सकाळी कशी हुती आनि आता कशी हाय. पडलं की मोकळं."

औषध जर उलटं पडलं असतं, पोरगी आणखी आजारी पडली असती, तर कुणाला तरी शंका आली असती. पण ते रोज लागू पडत होतं. मला आजही त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

थंडी सरली तरी पित्त काही हटेना. उलट वाढलं. तनू आता मान एका बाजूला कलती ठेवायची, आक्का म्हणाली, "शाळंत नखरं शिकलीया." चित्र काढताना एक डोळा झाकून घ्यायची, आक्का म्हणाली, "नेम धरतीया बगा!" उंबऱ्याला अडखळली, दुधाची चरवी सांडली, तेव्हा मात्र आक्का ओरडली, "पाय हायत का लाकडं गं तुजी?" आणि मग स्वतःच तिला जवळ घेऊन बसली. मेघानं एकदा हळूच विचारलं होतं, "आई, डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्हेऊया का? येकाचं दोन दिसतंय म्हणती ती." आक्का म्हणाली, "पित्त डोळ्यावर येतंय पोरी. मला ठावं हाय, माजं बी आलतं." पित्ताच्या बाबतीत त्या घरात आक्काच्या पुढं कोण बोलणार?

एका रविवारी सकाळी तांब्या ओठाला लागायच्या आधीच तनूला भडभडून उलटी झाली. आणि या वेळी मोकळं वाटलं नाही. ती तिथंच दगडावर कलंडली, हाक मारली तर डोळे उघडायची आणि परत मिटायची. मेघा ओरडत आमच्या दारात आली. आमची गाडी होती म्हणून आम्ही त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी तनूच्या डोळ्यांत बॅटरी टाकून बघितलं आणि मेघाला एकेक विचारायला लागल्या. उत्तरं मात्र आक्का द्यायला लागली. तिचाच विषय होता ना.

"डोकं सकाळी उठल्यावरच दुखायचं का?"

"व्हय, सकाळीच. उटल्या उटल्या."

"आणि उलटी झाली की बरं वाटायचं?"

"येकदम! मी रोज पाडत हुतो की."

"मान अशी एका बाजूला धरायची?"

"व्हय."

"एक डोळा झाकायची? चालताना तोल जायचा? अक्षर बदललं होतं?"

"व्हय... व्हय."

दुसऱ्या 'व्हय'पर्यंत आक्काचा आवाज मोठा होता. मग बारीक होत गेला. डॉक्टरबाई काही रागावल्या नाहीत, नुसतं 'लगेच स्कॅन करू' म्हणाल्या. पण मी आक्काच्या शेजारी उभी होते. तिला त्याच क्षणी कळलं होतं. आपण आजवर जे पाडत होतो ते पित्त नव्हतं, हे स्कॅनच्या आधी, त्या प्रश्नांतच तिला कळलं.

तनूच्या लहान मेंदूत गाठ होती. तिच्यामुळं डोक्यात पाणी साठून दाब वाढला होता. रात्रभर आडवं झोपलं की दाब आणखी वाढायचा, म्हणून सकाळी दुखायचं, म्हणून उलटी व्हायची. हे मला नंतर समजावून सांगितलं डॉक्टरबाईंनी. ऑपरेशन केलं, शर्थ केली. तनू घरी आली नाही.

दवाखान्याच्या जिन्यात आक्कानं डॉक्टरबाईंचा हात धरला होता. "आदी आनली आस्ती तर?" एवढंच विचारलं. "आजी, ते आता नक्की सांगता येत नाही," म्हणाल्या. मी तिथंच होते, शब्द मला नीट आठवतात. पण दिवस-कार्य उरकेपर्यंत आक्काच्या तोंडी ते वाक्य वेगळंच झालं होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "डॉक्टरबाईच म्हटल्या, आदी आनलं आस्तं तरी उपेग न्हवता. नशिबातच न्हवतं." आणि समोरचं माणूस मान हलवायचं. गल्लीत कुणी कधी तिला दोष दिला नाही. सगळ्यांनीच तिच्या हातून तांब्या घेतला होता, दोष देणार कुठल्या तोंडानं? मेघा हे सगळं ऐकत आत कपड्यांच्या घड्या करत बसायची. ती सासूला एका शब्दानंही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं असं मला वाटायचं.

वर्षाच्या आत विजय आणि मेघा कळंब्याला राहायला गेले. कामाला जवळ पडतंय, असं सांगितलं. फौंड्री शहराच्या एका टोकाला आणि कळंबा दुसऱ्या टोकाला, पण कुणी काही विचारलं नाही.

आक्कानं मोरावळ्याच्या बरण्या गोठ्यामागच्या उकिरड्यावर ओतल्या. गल्लीतली एक बाई सवयीनं कपाळाला फडकं बांधून आली, "आक्का, पित्त लई..." आक्कानं तिला पुढं बोलूच दिलं नाही. "त्ये नाव माज्या दारात काडायचं न्हाई. दवाखान्यात जा." दार लावून घेतलं. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत तो शब्द कुणी मोठ्यानं उच्चारला नाही. लोक 'ॲसिडिटी' म्हणायला लागले.

आणि मग ती विचारायला लागली. डॉक्टरबाईंचे ते सगळे प्रश्न तिला पाठ झाले होते, क्रमासकट. सकाळी शाळेच्या वेळी ती गोठ्याच्या दारात उभी राहायची आणि जाणारं प्रत्येक पोर नीट बघायची. मान कशी आहे, पाय कसा पडतो. कुणी पोर सुस्त दिसलं की त्याच्या आईचा रस्ता अडवायची. "डोस्कं दुकतंय का ह्येचं? कवा दुकतंय? झोपंतनं उटवतंय का? उलटी झाल्यावर बरं वाटतंय का?" आधी बायका उत्तरं द्यायच्या. मग कंटाळल्या. मग घाबरल्या. सकाळी सकाळी पोराच्या मरणाची चौकशी कुणाला सहन होणार? निम्म्या बायका मागच्या बोळातून पोरं शाळेत न्यायला लागल्या.

ओंकार नावाचा एक मुलगा होता, त्याचं डोकं संध्याकाळी दुखायचं. आक्कानं त्याच्या आईचं डोकं इतकं खाल्लं, दारात बसून राहिली, शेवटी त्यांनी त्याला त्याच डॉक्टरबाईंना दाखवलं. निघालं काय, तर चष्मा लागला होता. त्याची आई भर गल्लीत आक्काला वाट्टेल ते बोलली. "आमच्या घरात आठवडाभर चूल पेटली न्हाई तुमच्यामुळं! तुमची गेली म्हणून समद्यांची जायाला पायजे व्हय?" आक्का खाली मान घालून उभी होती. मग म्हणाली, "चष्मा हाय न्हवं? लई ब्येस झालं. देव पावला." आणि आत गेली. डॉक्टरबाईंनी ओंकारच्या आईला सांगितलंच होतं की पोरांची डोकी बहुतेक वेळा भुकेनं, जागरणानं, तापानं, नंबर लागल्यानंच दुखतात, घाबरायचं काही नसतं. त्यांनी पुढंही काही सांगितलं असेल, कधी घाबरायचं ते. पण ते गल्लीपर्यंत पोचलं नाही.

पोरं तर पोरंच. तीही खेळ करायला लागली. आक्का दारात दिसली की मान वाकडी करून, झोकांड्या खात तिच्यासमोरून चालायची आणि फिदीफिदी हसायची. पहिल्यांदा झालं तेव्हा मी शाळेत निघाले होते. आक्काच्या हातातली दुधाची किटली खाली पडली. ती धावत गेली, त्या पोराचं तोंड दोन्ही हातांत धरून त्याच्या डोळ्यांत बघायला लागली, आणि ते हसतंय हे तिच्या लक्षातच येईना. "काय हुतंय रं? कवापास्नं हुतंय?" पोरगं भेदरून रडायला लागलं तेव्हा कुठं तिनं सोडलं. मी त्या सगळ्यांना धरून असं काही झापलं की माझा घसा बसला. पण आक्का मला म्हणाली, "राहू द्या बाई. चालत्यात की सरळ. मला त्येवडंच बगायचं हुतं."

मला तिची भीतीही वाटायची, हे कबूल करायला पाहिजे. संध्याकाळी दूध आणायला गेलं की ती मध्येच थांबून कान द्यायची. "कोण वकतंय का?" कुणीच ओकत नसायचं. कुठंतरी मोरीत पाणी ओतलेलं असायचं. "मला ऐकू आलं," म्हणायची आणि परत धार काढायला बसायची.

आमच्या वरच्या मजल्यावर पेठ वडगावची पल्लवी भाड्यानं राहायला आली. नवरा बाहेरगावी नोकरीला, जवळ पहिलीतली मुलगी स्वरा. नवीन बिऱ्हाड, गल्लीतलं मागचं-पुढचं काही माहीत नाही. एका सकाळी आक्का माझ्या दारात आली. गेल्या कित्येक महिन्यांत ती कुणाच्या दारात गेली नव्हती.

"बाई, वरची पोर रोज सकाळी वकतीया."

मला आधी वाटलं, पुन्हा तेच. तिला ते माझ्या तोंडावर दिसलं असणार.

"मला भास हुत्यात, ठावं हाय. पर ह्यो भास न्हवं. तुमी चला माज्यासंगं. माजं कोण ऐकनार न्हाई, तुमी शाळंतल्या हाय."

आम्ही जिना चढून गेलो. पल्लवीनं दार उघडलं, आक्काला बघून तिचा चेहरा खुलला. "बरं झालं आक्का, तुमीच आला! मी तुमच्याकडंच येनार हुतो. स्वराला लई पित्त झालंय बगा, तीन-चार आठवडं झालं, सकाळी उटलं की डोस्कं धरती. गल्लीतल्या येक मावशी म्हटल्या, आदी तुमी लई चांगलं पाडत हुता. मी पानी बी करून ठेवलंय."

मोरीच्या कट्ट्यावर तांब्या होता. त्यात मीठ विरघळत होतं. शेजारी स्वरा मान कलती करून बसली होती, चेहरा पांढराफटक.

आक्कानं तो तांब्या उचलला आणि मोरीत उपडा केला. मग पल्लवीला विचारलं, तेच सगळे प्रश्न, त्याच क्रमानं. पल्लवी 'व्हय' म्हणत गेली. प्रत्येक 'व्हय'ला आक्का डोळे मिटायची. मग स्वराला म्हणाली, "बाळा, त्या फरशीच्या रेघंवरनं चालत ये बगू माज्याकडं." पोर उठली. दोन पावलं नीट टाकली आणि तिसऱ्याला भिंतीवर गेली.

"हिला उचल," आक्का म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. दवाखान्यात."

पल्लवी बावरली. तेवढ्यात जिन्यात ओंकारची आई येऊन उभी राहिली होती, आवाज ऐकून. ती तिथूनच म्हणाली, "पल्लवी, ऐकू नको गं. ती समद्यांनाच आसं सांगती. आमाला बी सांगितलतं." पल्लवीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "जाऊया, दाखवून येऊया, काय बिघडतंय?" तरी तिचे पाय हलेनात. नवऱ्याला फोन करते, उद्या सकाळी बघते, असं काहीतरी पुटपुटायला लागली.

तेव्हा आक्का तिच्यासमोर खाली फरशीवर बसली.

"माजी नात हुती," म्हणाली. "तनू. तिला बी आसंच हुत हुतं. मी तिला रोज मीटपानी पाजलं. माज्या या हातानं कपाळ धरलं. रोज मोकळी करून शाळंला लावली. ती मेली." मग हात जोडून म्हणाली, "पोरी, मी पाया पडतो तुज्या. हिला उचल."

आजवर तिनं हे कुणाला सांगितलेलं नव्हतं. ओंकारच्या आईनं डोळ्याला पदर लावला. पल्लवीनं स्वराला उचललं.

गाठच होती. वेळेत सापडली होती. ऑपरेशन झालं, बरेच दिवस दवाखाना झाला, पुढचे उपचार झाले. पावसाळा संपता संपता स्वरा घरी आली. डोक्याला स्कार्फ बांधलेला, हाडं दिसतील इतकी वाळलेली, पण मान सरळ. पल्लवी आधी आक्काच्या दारात गेली, पोरीला तिच्या पायावर घातलं आणि पेढे पुढं केले. सगळी गल्ली जमली होती. ज्या बायका मागच्या बोळातून जायच्या त्याच आता आक्काच्या पाया पडत होत्या. ओंकारच्या आईनं तर तिला मिठीच मारली. "आक्का, तुमी म्हणून पोर वाचली!"

आक्कानं पेढा स्वराच्या तोंडात घातला. मग पल्लवीला विचारलं, "गाट कुटं हुती?"

पल्लवीनं स्वतःच्या मानेच्या वर, मागच्या बाजूला हात लावून दाखवला. "हितं. लहान मेंदूत म्हटल्या डॉक्टरबाई. आजून थोडं उशिरा आला आसता तर सांगता आलं नसतं, म्हटल्या."

आक्का वळून गोठ्यात गेली. लोकांना वाटलं, तिचा जीव भरून आला.

त्यानंतर महिन्याभरातच तिनं म्हशी विकल्या. गगनबावड्याला भावाकडं जाऊन राहते म्हणाली. आम्हांला कुणालाच ते समजेना. आता कुठं गल्लीनं तिला डोक्यावर घेतलं होतं. शेजारच्या गल्लीतल्या बायका पोरं घेऊन तिच्याकडं विचारायला येत होत्या, आणि ती प्रत्येकीला नीट विचारून, बहुतेकींना 'काय न्हाई, जेवायला वक्तशीर घाल' म्हणून परत पाठवत होती. विजय आला, परोपरीनं समजावलं. मेघा नाही आली.

ती निघाली त्या दिवशी दारात टेंपो उभा होता. एक पेटी, दोन गाठोडी, पत्र्याचा डबा, एवढंच सामान. स्वरा आली, स्कार्फाखाली केस दिसायला लागले होते. "आज्जी, मी किती जोरात पळतो बघ!" म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत पळत गेली आणि पळत परत आली. कुठं तोल गेला नाही. आक्का टेंपोच्या फळीला धरून उभी होती आणि बघत होती. मी कधी कुणाचं असं बघणं बघितलेलं नाही.

मला राहवलं नाही. म्हटलं, "आक्का, का निघालात हो? बघा की तिच्याकडं. तुमच्यामुळं वाचली ती."

"त्येच की बाई," ती म्हणाली. आवाज अगदी लहान होता. "नशिबातच न्हवतं म्हणून मी जगत हुतो. ही वाचली." तिनं पदर तोंडात धरला, सोडला. "म्हंजे ती बी वाचली आस्ती की."